मिळवली की हरवली

काल अंबरनाथच्या घरी इतिहासाच्या एका पुस्तकाचं प्रूफ तपासत होते. ‘युद्धकाळात ब्रिटिश सरकारने शेतजमीन संपादन केली,’ या वाक्यापाशी आले आणि नेमका शेजारून सुकट भाजल्याचा वास आला.

दोन हजार तीनच्या सुमाराची गोष्ट, मी आठवीत होते. बदलापूरकडच्या आमच्या गावी आजोबा ओटीवर सुकट निवडत बसले होते आणि मी शेजारी शाळेचा प्रकल्प लिहीत होते, ‘माझ्या गावाचा इतिहास’. लढाईच्या वेळी गोऱ्यांच्या छावणीसाठी आमचं शेत गेलं होतं. घरातल्या जुन्या सरकारी कागदात बघून लिहिलेलं वाक्य मी मोठ्याने वाचलं, “सरकारने जमीन संपादन केली.”

“संपादन म्हंजे काय गो?” आजोबांनी विचारलं.

“मिळवणं. बाई सांगतात ना, यश संपादन करा. तसंच.”

त्यांचा हात थांबला. “म्हंजे त्यांनी मिलवली. न आमी काय केली, हरवली?”

मी वैतागले. कागदावर असतं तेच लिहायचं असतं, असं त्यांना ऐकवलं. ते पुन्हा सुकट निवडू लागले. पुढे बाईंनी त्या वाक्याखाली ‘भाषा छान’ असा शेरा दिला. तो मी घरभर दाखवला, त्यांनाही.

काल प्रूफमधलं ‘संपादन केली’ खोडून मी वर ‘हिसकावून घेतली’ असं लिहिलं. पुस्तकाच्या पहिल्या पानावर माझं नाव छापून येईल, ‘संपादन’ या शब्दाखाली. तो मात्र मला खोडता येत नाही.