मेसाच्या वाटेवरचं फाटक

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, पुंगोल या परदेशी उपनगरात अकराव्या मजल्यावर राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने गेल्या जूनमध्ये अमेरिकेत जाऊन गाईंचा एक अख्खा कळप पाण्यावाचून कोंडून ठेवला. गुन्हा कबूल आहे. तपशील ऐका.

माझा नवरा जहाजावर चीफ इंजिनिअर. तिथला पहिला धडा असा, की ज्या दारातून गेलात ते मागे घट्ट लावायचं. नाहीतर एका खणातलं पाणी दुसऱ्या खणात शिरतं. हा धडा तो घरीही पाळतो. पोह्यांच्या बशा घेऊन मी स्वयंपाकघरातून बाहेर येते, तोवर मागचं दार लागलेलं असतं आणि चमचे आत राहिलेले असतात.

लेकीला सुट्टी लागली आणि आम्ही अमेरिकेच्या वाळवंटात एक मेसा बघायला निघालो. मेसा म्हणजे टेबलासारखा सपाट माथ्याचा डोंगर. आपल्याकडे असता तर कुणीतरी तटबंदी घालून त्याचा गड केला असता. हा मात्र एका बाईंच्या खाजगी मालकीचा. परवानगीचा मेल मी पी.आर.च्या, म्हणजे परदेशी कायम राहण्याच्या, अर्जासारखा लिहिला, पासपोर्टच्या प्रती जोडून. उत्तरात चारच ओळी आल्या. सकाळी लवकर या. पिण्याचं पाणी सोबत आणा. फाटक जसं असेल तसं ठेवा. आग पेटवू नका. मी तो कागद छापून पर्समध्ये घातला.

बाईंचं घर मागे टाकून आम्ही फाटकाशी पोचलो. फाटक सताड उघडं, दोरीने खांबाला बांधलेलं. बाहेरच्या बाजूला पाण्याची मोठी टाकी. गाडी आत घेतल्यावर नवरा उतरला, त्याने ती दोरी सोडली, फाटक लावलं, कडी घातली आणि कडी सैल वाटली म्हणून त्याच दोरीने वर गाठ मारली. मी लेकीला म्हटलं, "बघ, दुसऱ्याच्या जागेत कसं वागायचं असतं."

दीड तास चढून आम्ही माथ्यावर गेलो. चारी बाजूंना तांबडी जमीन, एकही झाड नाही, एकही माणूस नाही. तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या. मला श्रोते मिळाले की राहवत नाही, म्हणून मी बाईंचं पत्र दवंडी पिटल्यासारखं मोठ्याने वाचायला घेतलं. तिसरी ओळ मी दोनदा वाचली.

"अहो, फाटक उघडं होतं ना?"

"हो. मी लावलं ना नीट."

लेक कड्याशी उभी होती. पुंगोलच्या शाळेतल्या इंग्रजीत ती म्हणाली, "आई, द काऊज आर क्यूइंग लाह."

खाली फाटकाशी तपकिरी ठिपक्यांची रांग लागली होती. आतल्या बाजूला.

पुऱ्या तिथेच गुंडाळल्या. फोनला रेंज नव्हती. चढताना देखणा वाटलेला तो डोंगर उतरताना संपेचना. ऊन डोक्यावर आलेलं. आमची एक बाटली संपली, तेव्हा दुसरी उघडायची मला लाज वाटली. सासरी रोज पहिला घास गाईला काढतात, आणि इथे आम्ही गाईंचं पाणी तोडलं होतं. एखादी पडली तर? मालकीणबाईंना काय सांगायचं?

"वाऱ्याने लागलं म्हणू," मी म्हटलं.

नवरा दगडांवरून उतरत राहिला.

"वाळवंटात वारे असतात. ठरलं?"

"बरं," तो म्हणाला. कसाबसा.

गाडीतून फाटकाशी आलो तर वीसेक गाई लोखंडाला नाक लावून उभ्या होत्या. हंबरणं ऐकवत नव्हतं. एक वासरू खांबाच्या सावलीत बसलं होतं, मान खाली टाकून. नवरा गाईंमधून वाट काढत पुढे गेला, एका हिसक्यात गाठ सोडली आणि फाटक ढकललं. गाई टाकीकडे धावल्या. वासरू उठेना. लेकीने आमची बाटली त्याच्या तोंडाशी धरली. अर्धं पाणी सांडलं. मग त्याची जीभ बाहेर आली. तिने तळहातावर पाणी ओतलं, ते त्याने चाटलं, आणि थोड्या वेळाने ते डळमळत उठून आईमागे गेलं.

तेवढ्यात धूळ उडवत एक जुनी पिकअप आली. सत्तरीच्या बाई उतरल्या. त्यांनी आधी गाई मोजल्या, मग वासराकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"फाटक कुणी लावलं?"

"वारा, मॅडम," मी म्हटलं, आणि हातवारे करून वादळच उभं केलं. "केवढा वारा सुटला होता."

जमिनीवरचं गवताचं पातंही हलत नव्हतं. नवऱ्याच्या हातात अजून ती दोरी होती. बाईंनी ती घेतली आणि तिला पडलेल्या गाठीच्या वळ्यांवरून अंगठा फिरवला.

नवऱ्याचा चेहरा लाल झाला. ठरलेलं सगळं विसरून तो बोलून गेला, "मॅडम, वाऱ्याला अशी गाठ येत नाही. ती मी मारली."