मारुतीच्या दारातली डंबेल्सची जोडी

वडिलांचा पाय गुडघ्याखाली कापला तेव्हा आम्ही दोघी बहिणी इस्पितळाच्या व्हरांड्यात उभ्या होतो. दोघींच्या मनात एकच होतं, आता आपली पाळी. साखरेचा आजार आमच्या घरात पिढीजात आणि आमचा बांधाही वडिलांचाच. ताई लग्न होऊन ठाण्याला वर्तकनगरात, मी डोंबिवलीत. बाळंतपणांत जे अंगावर चढलं होतं ते उतरायचं नाव घेत नव्हतं.

नौपाड्यातल्या डॉक्टरांनी दोघींना एकाच दिवशी तपासलं. साखर उंबरठ्यावर आहे म्हणाले, वजन उतरवा, नाहीतर वडिलांसारखं होईल. कसं उतरवायचं ते विचारलं तर म्हणाले, "फिरा. बायकांना फिरणं उत्तम."

फिरले. साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट घालून रोज सकाळी एमआयडीसीच्या रस्त्याने फिरले. निम्मी डोंबिवली माझ्या बुटांना हसून घ्यायची. हसा म्हटलं, पाय माझे आहेत. सुरुवातीला थोडं वजन उतरलं, मग काटा अडला तो अडलाच. जिना चढताना गुडघे कुरकुरायचे आणि दुपारी अंगात त्राण म्हणून उरायचं नाही.

त्याच सुमारास ह्यांना ऑफिसात कोणीतरी पोटावरून चिडवलं. हे आमच्या गल्लीतल्या व्यायामशाळेच्या कमिटीवर कितीतरी वर्षं होते, पण तिथे त्यांनी मीटिंगांखेरीज काही केलं नव्हतं. आता मनावर घेतलं. एक दिवस शीळफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्याने धावायचं, दुसऱ्या दिवशी व्यायामशाळेत वजनं मारायची. खाण्यात कपात म्हणाल तर शून्य. माझ्यासमोर बसून साबुदाण्याची खिचडी दोनदा मागून घ्यायचे. आणि तरी गुढीपाडव्याला ह्यांची पँट कमरेत सैल!

"तुम्ही असं काय करता जे मी करत नाही?" मी विचारलं.

"अगं, धावून दम वाढतो आणि वजनांनी अंगात ताकद येते. दोन्ही केलं की चरबी हटते. नुसत्या एकाने भागत नाही."

"मग मलाही वजनं पाहिजेत."

हे असे हसले, जणू मी मिशी मागितली होती.

व्यायामशाळेत मारुती होता. मारुती ब्रह्मचारी, म्हणून बायकांनी आत पाऊल टाकायचं नाही, असा तिथला नियम. शनिवारची रुईच्या पानांची माळ मात्र आम्हीच ओवायची आणि उंबरठ्याबाहेरून आत द्यायची. आमच्या हातची माळ देवाला चालते, मग हातच का चालत नाहीत, हे मला आजही कोणी समजावून सांगितलेलं नाही.

व्यायामशाळेचे प्रमुख आमच्याच बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर राहायचे. मे महिना होता, पाणी वर चढत नव्हतं, खालच्या नळावर रांग लागली होती. हे गृहस्थ जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेले. मी सरळ विषय काढला.

"वहिनी, भलतंच काय मनात आणता?" ते म्हणाले. "बायकांनी वजन उचलायचं नसतं. पोटातलं सरकतं. तुम्ही आपल्या फिरा."

हे ते बोलत असताना त्यांची बायको कमरेवर हंडा आणि हातात भरलेली बादली घेऊन त्यांच्या खुर्चीला वळसा घालून जिना चढत होती. सकाळपासून किती खेपा झाल्या होत्या कोण जाणे.

"भावजी, त्या नेतायत तो काय कापूस आहे?"

"ते घरचं काम हो. ते वेगळं."

वेगळं! म्हणजे हंडा असला की पोटातलं सगळं जागच्या जागी आणि लोखंड असलं की सरकलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. असं वेडंवाकडं वजन वाहून आमच्या बिल्डिंगमधल्या एकूणएक बाईची पाठ कामातून गेलेली. हळूहळू, नीट, पाठ सांभाळून वजन कसं उचलायचं ते शिकायचं म्हटलं तर देव आडवा.

विषय कमिटीत गेला. एकमताने नामंजूर. एकमताने, म्हणजे आमच्या ह्यांचाही हात वर! घरी येऊन म्हणतात, "सगळ्यांसमोर मी एकटा काय बोलणार?" माझ्या वडिलांचा पाय ह्यांनी पाहिलेला. डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलेलं. मी त्या रात्री ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही, आणि दुसऱ्या दिवशी बोलले ते सगळं सांगण्यासारखं नाही.

त्याचा परिणाम असा झाला की त्या आठवड्यात हे कापडी पिशवीत मेथीच्या जुड्यांखाली लपवून डंबेल्सची एक जोडी घेऊन आले. व्यायामशाळेतलीच. दार लावून, पडदे ओढून मला शिकवलं. कोपर अंगाला चिकटव, श्वास धरू नकोस, पाठ वाकवू नकोस. शिकवायचे छान, हे कबूल करायला हवं. एक दिवस चालणं, एक दिवस वजनं. पावसाळा संपेपर्यंत ब्लाउज उसवायला घेतले होते ते आत घ्यायला लागले.

ताईला हे सांगायला मी मुद्दाम ठाण्याला गेले. ती तेव्हा नौपाड्यातल्या कुठल्याशा सेंटरमध्ये जायची. तिथे कमरेला पट्टा बांधून यंत्राने गदागदा हलवायचे. चरबी विरघळते म्हणे. मी म्हटलं, "ताई, दोन डबे पाण्याने भर आणि घरात कर. मी शिकवते."

"अगं, आमच्याकडे सासरे असतात दिवसभर. त्यांना आवडायचं नाही. आणि खरंच काही सरकलं तर?"

मी खूप भांडले. तिने चहा टाकला.

दसऱ्याला व्यायामशाळेत शस्त्रपूजा असते. सगळं लोखंड धुऊन, पुसून, जोडीने मारुतीपुढे मांडतात, हळदकुंकू आणि झेंडूची फुलं वाहतात. ह्यांच्या हे ध्यानातच राहिलं नाही. आम्ही बायका नैवेद्याची ताटं घेऊन नेहमीप्रमाणे बाहेर उभ्या होतो. आरती सुरू होणार तोच प्रमुखांचा आवाज आला, "एक जोडी कमी आहे. चोरी झाली!" मी आत पाहिलं. आमचे हे तबक हातात धरून छताकडे बघत होते.

मी ताट शेजारणीकडे दिलं, घरी गेले, आणि दोन हातांत दोन डंबेल्स घेऊन भर गल्लीतून परत आले. सकाळीच मी घरी त्यांची पूजा केलेली होती, झेंडूसकट.

"अहो वहिनी, ठेवा, खाली ठेवा, जड आहेत!" प्रमुख ओरडले.

"आत ठेवू की बाहेर?"

प्रमुख उंबरठ्यात आडवे उभे राहिले. मग मी तिथेच उंबरठ्याबाहेर, कोपर अंगाला चिकटवून, एकदा हा हात, एकदा तो, असं सुरू केलं. आत आरती अडलेली. तेवढ्यात प्रमुखांची बायको पुढे आली, माझ्या हातातलं एक घेतलं, तोलून पाहिलं आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, "हंड्यापेक्षा हलकं आहे की हो."

जोडी उंबरठ्यावरूनच आत गेली, ह्यांनीच नेली. पुढच्या आठवड्यात मी बाजारातून माझी स्वतःची आणली, पिशवीत न लपवता.

माझी साखर उंबरठ्यावरून मागे गेली. डॉक्टर खूश होऊन म्हणाले, "बघा, फिरण्याने केवढा फरक पडला!" मी वजनांचं सांगितलं तर म्हणाले, "ते सगळ्यांना सांगत बसू नका."

काही वर्षांनी त्याच व्यायामशाळेत मारुतीपुढे पडदा लावून बायकांची दुपारची बॅच सुरू झाली. उद्घाटनाला मला बोलावलं होतं. मी गेले नाही, कारण त्या आठवड्यात मी ठाण्याला इस्पितळात होते. ताईच्या पायाची दोन बोटं काढली होती.

डंबेल्सनी तिची बोटं वाचली असती असं मी म्हणत नाही. ते कोणी सांगू शकत नाही. पण करून बघायचं की नाही, हे तिचं तिने ठरवायला हवं होतं. तिच्यासाठी सासरे, डॉक्टर, पट्टेवालं सेंटर आणि मारुतीची कमिटी, सगळ्यांनी मिळून ठरवलं.

तिला पलंगावरून खुर्चीत बसवायचं होतं. मदतनीस येत नव्हता, ताईचे यजमान नर्सला शोधायला गेले होते. मी तिच्या काखेत हात घातले, पाठ सरळ ठेवली, गुडघ्यांतून उठले आणि तिला उचललं. ताईने माझ्या गळ्याला मिठी मारली आणि घाबरून कानात म्हणाली, "अगं, वजन उचलू नकोस. तुला काहीतरी होईल."

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. तिच्यावर नाही. मी तिला खाली न ठेवता तशीच धरून उभी राहिले.