जी सांगंल ती

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. मी सातवी पास. पोलीस शिपाई म्हणून भरती झाले, जमादार म्हणून निवृत्त झाले. खून, दरोडे पाहिले, पण एवढा राग मला कोणत्याच गुन्ह्याचा आला नाही.

परतूरजवळच्या एका कापसाच्या जिनिंग मिलमध्ये एका कामगार बाईचा उजवा हात मशिनच्या पट्ट्यात गेला. मनगटापासून तुटला. मॅनेजरनं ठाण्यात लेखी कळवलं की, बाईनं पट्ट्यावरची जाळी स्वतः काढून आत हात घातला, चूक तिची आहे. आमच्या फौजदार साहेबांनी कागद वाचला आणि म्हणाले, "अपघात आहे. चौकशी करा आणि बंद करा."

मी जबाब घ्यायला दवाखान्यात गेले. बाई गुंगीत होती. ड्रेसिंग करणाऱ्या नर्सनं मला बाजूला घेतलं. "जमादारीण बाई, सकाळपासून ही एकच बोलून राह्यली. मी सांगायलाच नको होतं, मी सांगायलाच नको होतं."

चूक झालेला माणूस 'मी हात घालायला नको होता' असं म्हणतो. 'सांगायला नको होतं' म्हणत नाही. मी तिथून थेट जिनिंग गाठलं.

मॅनेजरनं खुर्ची दिली, चहा मागवला आणि तक्रार वही माझ्यापुढं ठेवली. "बघा मॅडम, दोन हंगामांत एक तक्रार नाही. आमचे कामगार सुखी आहेत." वही खरोखर कोरी होती. मी ती जप्त केली. सोबतचा शिपाई कानात म्हणाला, "कोरी वही? पंचनाम्यात काय लिहू?"

"कोरी आहे असं लिही."

आत बावीस बाया होत्या. मी म्हणाले, रोज जिथं उभ्या राहता तिथं उभ्या राहा. सगळ्या आपापल्या जागी गेल्या. सात नंबरचं मशीन तेवढं रिकामं राहिलं. त्याच्याभोवती फरशीवर रुईचा थर साचला होता. बाकी सगळीकडं पायांनी रुई तुडवली गेली होती. म्हणजे त्या मशिनजवळून जाता-येताही बाया वळसा घालत होत्या.

"सातवर ती असायची. तिच्या आधी कोण?"

सगळ्यांच्या नजरा दाराशी उभ्या असलेल्या मुकादमाकडं गेल्या. मी मुकादमाला बाहेर बसवलं आणि पुन्हा विचारलं. एक म्हातारी कापसाच्या ढिगाकडं बघत म्हणाली, "जी सांगंल ती."

"म्हणजे?"

"जी म्हणंल सातची जाळी गेली, तिनंच सातवर उभं राह्यचं. मुकादम म्हणतो, तुला लई दिसतं ना, मंग तूच सांभाळ. आन् तिला समदे इन्स्पेक्टरीण म्हणून चिडवतेत."

मागून दुसरी बोलली, "तिच्या आधी मी होते. पट्ट्यात पदर गेल्ता माझा. लुगडं फाटलं, मान राह्यली." दोघीचौघी हसल्या. ती हसली नाही. "मंग तिनं तोंड उघडलं, आन् माझी सुटका झाली. बरं वाटलं बाई मला. खोटं कशाला बोलू?"

जाळी मिलच्या मागं भंगारात सापडली. गंजलेली, आणि तिच्या भोकांतून गवत वर आलेलं. त्या दिवशी सकाळी काढलेल्या जाळीतून गवत उगवत नाही.

पण जबाब द्यायला एकही तयार होईना. म्हातारी म्हणाली, "तुमी जाताल जीपमधून. सांगणारीला उद्या कुठं उभं करतील?"

तेव्हा मला सुचलं. मी सगळ्यांना एका जागी बसवलं आणि सांगितलं, बावीसच्या बावीस जबाब आज, इथंच, एकमेकींसमोर. बावीस जणींना एका मशिनपुढं उभं करता येत नाही. मग म्हातारी म्हणाली, "लिवा माझं पैलं."

मी साहेबांना फोन करून जबाब लिहायला रायटर मागितला. साहेब म्हणाले, "शंका तुम्हालाच आली ना? मग लिहा तुम्हीच."

माझं अक्षर वाकडं, हात हळू. सहाव्या जबाबाला माझ्या लक्षात आलं की आमच्या ठाण्यातही हीच पद्धत आहे. कोठडीची कडी ढिली झाली असं मी एकदा सांगितलं, तर महिनाभर कोठडीचा पहारा माझ्याच नावावर. त्यानंतर मी कोणतीच कडी कोणाला दाखवली नाही.

ठाण्यात मुकादमाला समोर बसवलं. त्याला जराही लाज नव्हती. "बाई, मी मारलं न्हाई, शिवी दिली न्हाई. जिला काळजी, तिला काम. आधी रोज कटकट होती. ही पद्धत लावली आन् बिलकुल गपगार. मॅनेजर साहेब पण खूश."

"मॅनेजरला पद्धत माहीत होती?"

"त्यांनीच तर शाबासकी दिली."

तेवढं वाक्य मला हवं होतं.

दवाखान्यात बाईची फिर्याद लिहिली, तिला वाचून दाखवली. बायकांचा उजवा अंगठा घ्यायची आमची सवय. मी शाईचा पॅड उजवीकडं धरला. ती म्हणाली, "तिकडं काय न्हाई बाई." डावा अंगठा उमटवला आणि विचारलं, "आता परत सांगितलं मी. आता कुठं उभं करणार मला?"

"साक्षीच्या पिंजऱ्यात."

"त्याला तरी जाळी हाय का?"

मुकादम आणि मॅनेजर दोघांवर गुन्हा दाखल झाला. चूक बाईची, हे वाक्य कागदावरून गेलं. कामावर मात्र तिला परत घेतलं नाही.

साहेब लोक विचारतात, हाताखालची माणसं धोका वेळेवर का सांगत नाहीत. भित्री असतात, अडाणी असतात, असं स्वतःच उत्तरही देतात. साफ खोटं. माणूस एकदा सांगून बघतो. त्याचं पुढं काय केलं जातं, ते बाकीचे बघतात आणि तोंड मिटतात. मीही वर्दीत असून मिटलं होतं. त्या मॅनेजरवरचा राग आता कमी झालाय. स्वतःवरचा नाही झाला.