नकाशात नसलेला बोगदा

येर्नेय काका छत्तीस वर्षं आमच्या पाऱ्याच्या खाणीत टेकू लावत होते. लाकडी ओंडक्यांच्या चौकटी, मीटरवर एक. खाण बंद पडली तेव्हा त्यांच्यापाशी उरली ती स्मरणशक्ती आणि थरथरणारे हात. पाऱ्याने हात गेले तर आमच्या गावात कुणी हळहळत बसत नाही. "काकांना सूप अर्धी वाटीच वाढा," म्हणतात आणि हसतात. काकाही हसायचे. एका गोष्टीवर मात्र नाही: लेसशाळेखालचा बोगदा.

खाण बुजवायचं काम चाललं होतं. नकाशात जे बोगदे होते, तेवढ्यांतच काँक्रीट ओतत होते आणि शनिवारी पंप गाव सोडून जाणार होता. काका रोज खाणीच्या कचेरीत येऊन सांगायचे, शाळेखाली एक बोगदा आहे, तो नकाशात नाही. एकतीस वर्षांपूर्वी तिथे काळ्या दगडातून पाऱ्याचे थेंब गळताना दिसले. मुकादमाने कुणाला न विचारता तीन आठवडे खणून घेतलं. हवा बिघडली, तसं तोंडाला फळ्या ठोकल्या आणि सगळे गप्प बसले.

"माझी चौकट तीस वर्षं टिकते," काका म्हणायचे. "आता एकतिसावं सरत आलं." आणि त्याच बोगद्यावरच्या शाळेत त्यांची बायको, त्सिल्का काकू, बावीस मुलींना लेस शिकवत होत्या.

इंजिनियर बोगदान शहाणा माणूस होता, म्हणूनच ऐकत नव्हता. "आजोबा, काळा दगड वयाने थोरला. डोंगर उलथला तेव्हा तो धाकट्या दगडाच्या डोक्यावर जाऊन बसला. ते झाकण आहे. पारा असतो झाकणाच्या खाली."

"मग झाकणाला आतून थेंब धरत नाहीत होय रे? बायकोला कधी बटाटे उकडून दिलेले दिसत नाहीत!"

"बरं, मग नकाशा काढून द्या," बोगदान म्हणाला, तो काकांच्या हातांकडे बघत. मी त्याच कचेरीत नकाशे सांभाळायचे. मला त्याचा असा संताप आला की चहाचा कप मी आपटूनच ठेवला.

काका घरी गेले आणि खुर्चीत बसून डोळे मिटले. काकूंनी टाचण्या टोचून लेसचा नमुना आखायचा जाड कागद पुढ्यात घेतला. काका खाणीत उतरायच्या जुन्या विहिरीपासून एकेक चौकट सांगत गेले आणि काकू एकेक टाचणी टोचत गेल्या. बाराव्या चौकटीला डावं वळण, एकोणिसाव्याला शेवट. दुसऱ्या दिवशी मी तो कागद आमच्या नकाशावर ठेवला. शेवटची टाचणी शाळेच्या अंगणात आली.

"हा काय टेबलक्लॉथ आहे?" बोगदान म्हणाला. तरी एक छिद्र पाडायला तयार झाला. गुरुवारी यंत्राने अंगणात तेवीस मीटर खाली छिद्र पाडलं. नुसता अखंड काळा दगड.

बोगदानने हात झटकले. काका अंगणात मटकन बसले. "गेलं वाटतं डोकंही," म्हणाले. त्यांना मी कधी इतकं केविलवाणं पाहिलं नव्हतं.

काकूंनी कागद हातात घेऊन एकेक टाचणी पुन्हा बोटाने मोजली. मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! येर्नेय, डोकं तुझं नाही, माझं गेलंय. आपली लेस पालथी विणतात. पन्नास वर्षं मी डावं ते उजवीकडे टोचत आलेय. तू डावं म्हणालास आणि माझा हात आपसूक उजवीकडे गेला!"

त्यांनी कागद उलटा करून नकाशावर ठेवला. शेवटची टाचणी नेमकी मागच्या वर्गाखाली गेली. मुली त्या वर्गात बसल्या होत्या.

"आता पुरे, काकू," बोगदान म्हणाला.

"पुरे कसं? पहिलं छिद्र माझ्या चुकीचं होतं. यांचं अजून पाडलेलंच नाहीस." काकूंनी वर्ग रिकामा करवला, भिंतीलगत खुर्ची टाकली आणि बसल्या. "यंत्र आल्याशिवाय मी उठत नाही." मीही शेजारी जाऊन उभी राहिले. नोकरी गेली तर गेली.

शुक्रवारी दुपारी एकविसाव्या मीटरला यंत्राचा दांडा धाडकन दीड मीटर खाली गेला. वर आला तो ओला, काळा पडलेला भुसा. त्यात पाऱ्याचे बारीक मणी होते. काकांनी चिमूटभर भुसा हातात घेतला. बोटांत दाबल्यावर त्याचं पीठ झालं.

"माझंच लाकूड," ते म्हणाले. "कुजलंय. बिचाऱ्याने एक वर्ष जास्तच धरलं."

पंप शनिवारी गेला नाही. बुधवारपर्यंत काँक्रीट ओतत होते. मग मी मोठ्या नकाशावर तो बोगदा रेखला आणि खाली माहिती देणाऱ्याची सही हवी होती.

काकांनी हात मागे घेतला. "माझा हात हलतो. कागद फाटेल."

बोगदान उठला आणि दोन्ही तळव्यांनी नकाशा टेबलावर दाबून धरला. "हलू दे, काका," तो म्हणाला. "मी धरलाय."