मुलुंड ते जुहू: झुकलेल्या पात्यांची खातरजमा

एकाच रविवारात मुलुंडहून जुहूला जाऊन परत येणे याला प्रवास म्हणावे की नाही, याविषयी मतभेद संभवतो. परंतु सहा बसगाड्या, दोन उपाहारगृहे, एक लष्करी पहारा आणि जगातले सर्वांत मोठे हेलिकॉप्टर एवढे ज्या फेरीत घडते, तिला मी तरी प्रवासच म्हणतो. पुन्हा असे प्रदर्शन लागल्यास वाचकांना उपयोग व्हावा म्हणून ही हकीकत क्रमाने लिहीत आहे.

निघण्याचे कारण आधी सांगितले पाहिजे. आमच्या वसाहतीच्या गणेशोत्सवात यंदा देखावा ठरला होता तो हेलिकॉप्टरचा: पूरग्रस्त कोकणी गावावर धान्य घेऊन आलेले अवजड मालवाहू लष्करी हेलिकॉप्टर, मंडपाच्या छताला तारांनी टांगलेले. काम दिले होते बाबली मेस्त्रींना. हे मूळचे देवगडकडचे. गिरणीत मागांचे लाकडी भाग दुरुस्त करीत असत. संपानंतर गिरणी उघडली ती त्यांना वगळून. तेव्हापासून कुणाचा पाट, कुणाची खिडकी, अशी किरकोळ कामे. देखाव्याच्या पाटीवर ‘कलाकार’ म्हणून नाव लागण्याची ही त्यांची पहिलीच वेळ.

मेस्त्रींनी बारा फुटी सांगाडा उभा केला, त्यावर आठ पाती बसवली, आणि ती आठही पाती टोकाशी खाली झुकली. अध्यक्ष तावडे म्हणाले, “मेस्त्री, हे हेलिकॉप्टर आहे का उन्हात ठेवलेलं केळीचं झाड?” सगळे हसले. मंडळाचा चिटणीस या नात्याने मी तपासणीच्या कागदावर शेरा लिहिला: ‘पाती झुकलेली. काम सदोष.’ मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून कापडाच्या गोदामात मालाची प्रत तपासण्यात माझी एकोणतीस वर्षे गेली आहेत. शेरा लिहिताना माझा हात अडखळत नाही.

मेस्त्री एवढेच म्हणाले, “लाकूड आसा ता. लांब झाला की वाकतलाच.”

तावडे काम काढून दादरच्या एका तयार देखावेवाल्याला देणार होते. त्याच आठवड्यात बातमी आली की, वायुदलात नुकतेच दाखल झालेले रशियन बनावटीचे महाकाय हेलिकॉप्टर रविवारी जुहूच्या धावपट्टीवर लोकांना पाहावयास ठेवणार आहेत. मी प्रत्यक्ष पाहणी करावी आणि संध्याकाळच्या सभेत अहवाल द्यावा, असे ठरले. पाती सरळ असतील तर मेस्त्रींचे काम जाणार, हे त्यांच्यासमक्षच ठरले. “मीय येतंय,” मेस्त्री म्हणाले.

सकाळी सहा वाजता निघालो. मी, आमची सौभाग्यवती सुमन, मेस्त्री, आणि जुन्या चादरीत गुंडाळलेले साडेपाच फुटांचे एक पाते. तुलनेसाठी नमुना सोबत असावा, हा मेस्त्रींचा आग्रह मला पद्धतशीर वाटला. वाचकांनी मात्र एवढ्या लांबीची वस्तू घेऊन बसने जाणे टाळावे. घाटकोपरच्या बसमध्ये कंडक्टरने चादरीकडे बोट दाखवले.

“काय आहे हे?”

“हेलिकॉप्टरचं पातं,” मी सत्य तेच सांगितले.

“आणि हेलिकॉप्टर कुठंय?”

“मुलुंडला.”

“मग त्यातनंच यायचं ना, काका. इथं कशाला गर्दी करता?”

सामानाचे वेगळे तिकीट काढावे लागले. सुमनने खिडकीबाहेर पाहत आपला आमच्याशी संबंध नसल्याचा चेहरा केला होता, तो अंधेरी येईपर्यंत तसाच होता.

घाटकोपरला बस बदलताना डेपोसमोरच्या उपाहारगृहात मिसळ खावी. रस्सा तिखट, पण पुन्हा मागितल्यास कुरकुर न करता वाढतात. तेथून अंधेरीला जाणारा रस्ता असल्फा, साकीनाका असा खड्ड्याखड्ड्यांतून जातो. डाव्या बाजूस बसू नये, कारण त्या बाजूने चिखल उडतो. अंधेरीहून जुहूकडे जाणारी बस मिळायला पंचवीस मिनिटे लागली. त्या वेळात मेस्त्रींनी पाते तीनदा उघडून पाहिले. त्यांना भूक नव्हती. मिसळीतला पावही त्यांनी तसाच ठेवला होता.

प्रवेशद्वारावर साताऱ्याकडचा एक जवान उभा होता. कॅमेरा, मोजपट्टी, कागद-पेन्सिल आत नेण्यास मनाई. माझ्या तिन्ही मोजपट्ट्या जमा झाल्या.

“तीन कशाला?” जवानाने विचारले.

“एक चुकीची असेल तर बाकीच्या दोन्हींवरून कळते.”

त्याने चादर उघडून पाते पाहिले. “आन् ह्ये?”

“गणपतीच्या देखाव्याचं आहे,” सुमन म्हणाली. बसमधून उतरल्यापासूनचे तिचे हे पहिले वाक्य.

“मग ऱ्हाऊ द्या हितंच, ताई. म्या बघतो. कुणी पाय न्हाई लावणार.” त्याने पाते भिंतीला उभे करून ठेवले आणि बूट जरा लांब घेतले.

आत गेलो आणि प्रथम मला यंत्र दिसलेच नाही, कारण मी इमारत समजून त्याच्या बाजूने चालत होतो. हे हेलिकॉप्टर नाकापासून शेपटापर्यंत सुमारे चौतीस मीटर भरते. वरच्या पात्यांच्या वर्तुळाचा व्यास बत्तीस मीटर. पाती आठ, मेस्त्रींनी वर्तमानपत्रातल्या पुसट छायाचित्रावरून मोजलेली संख्या बिनचूक निघाली. शेपटाशी उभ्या फिरकीला पाच पाती. रिकाम्या यंत्राचे वजन अठ्ठावीस टन, आणि वीस टन माल उचलण्याची क्षमता. तांदळाच्या शंभर किलोच्या पोत्यांत सांगायचे तर दोनशे पोती. म्हणजे देखाव्यातल्या पूरग्रस्त गावाची काळजी मिटली.

पण मी वर पाहिले तेव्हा हे सारे आकडे मागे पडले. आठही पाती खाली झुकलेली होती. थोडीथोडकी नव्हे, मुळाशी आडवी निघून टोकाशी खाली आलेली. मी छत्री डोळ्यांसमोर आडवी धरून एक डोळा मिटला. छत्री सरळ होती. पाते छत्रीच्या बरेच खाली उतरत होते. छत्री दुसऱ्या हातात घेऊन पुन्हा पाहिले. फरक पडला नाही.

मी मेस्त्रींकडे पाहिले. ते हात मागे बांधून मान वर करून उभे होते.

माहिती देणारा वायुसैनिक नाशिकचा होता. मी विचारले, “पाती झुकलेली आहेत ती बिघाडामुळे का?”

“नाही काका, स्वतःच्या वजनानं. एवढं लांब पातं कडक केलं तर मोडेल. त्याला लवचीकपणा लागतोच.”

“लांब झाला की वाकतलाच,” मेस्त्री हळूच म्हणाले, मला नव्हे, हेलिकॉप्टरला.

यानंतर मोजमाप. मोजपट्ट्या नव्हत्या, परंतु सुमनची उंची पाच फूट एक इंच आहे, हे मला नक्की ठाऊक होते. तिला मागच्या चाकाजवळ उभे केले. चाक तिच्या कोपराच्या वर पाच बोटे आले.

“सरळ उभी राहा. टाचा टेकव.”

“अहो, लोक बघतायत.”

“लोक हेलिकॉप्टर बघतायत.”

“हेलिकॉप्टर हलत नाहीये. तुम्ही मला हलवताय.”

चाके तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी दोन, एकूण सहा. येथे मला एक अप्रिय गोष्ट कळली. मेस्त्रींनी पहिल्या आराखड्यात चाके काढली होती. उडताना विमानाची चाके आत जातात, सबब चाके वगळावीत, अशी लेखी सूचना मीच दिली होती. मी वायुसैनिकाला विचारले की, ही चाके उडताना आत कुठे जातात. तो म्हणाला, “कुठंच नाही. अशीच राहतात.” मेस्त्रींनी हे ऐकले. माझ्याकडे पाहिले नाही, हा त्यांचा मोठेपणा.

यंत्राचा पार्श्वभाग दोन मोठ्या दारांनी उघडतो आणि खाली उतार पडतो. त्यावरून लष्करी गाडी थेट आत चढवता येते. छताला माल उचलणाऱ्या सरकत्या याऱ्या आहेत. ऐंशीच्या आसपास सैनिक बसतात. आम्हाला रांगेने आत सोडले. माल ठेवायची जागा बारा मीटर लांब, सव्वातीन मीटर रुंद. मी मनात गुणाकार केला आणि सुमनला सांगितले, “चारशे चौरस फुटांच्या वर जाते. आपल्या जागेपेक्षा जास्त.”

तिने चहूकडे पाहिले. “पण गॅलरी नाही. कपडे कुठं वाळत घालायचे?”

मागून कोणीतरी म्हणाले, “वरती आठ दोऱ्या आहेत की, वहिनी.” तिला हे आवडले, दिवसातले पहिले हसू तिने त्या अनोळखी गृहस्थाला दिले.

बाहेर आलो तेव्हा माझा अहवाल मनात तयार होता. तेवढ्यात मेस्त्रींनी वायुसैनिकाला विचारले, “फिरूक लागल्यार पाती अशीच ऱ्हवतत?”

“छे. वेगानं फिरली की ताठ होतात. उडताना तर टोकं वर उचललेली दिसतील.”

मेस्त्रींचा चेहरा पडला. आम्ही प्रवेशद्वाराशी आलो. जवानाने पाते परत दिले, माझ्या मोजपट्ट्याही मोजून दिल्या. कुंपणाबाहेर मी मेस्त्रींना पाते मुळाशी धरून आडवे करायला सांगितले आणि मागच्या खऱ्या पात्याशी ताडून पाहिले. बाक जवळजवळ तोच. चार माणसे जमली, एकाने टाळीही वाजवली.

“मेस्त्री, तुमचं काम बरोबर आहे. मी तसं लिहून देतो.”

“नाय, अण्णा. खोटां लिहू नका. ह्यां जमिनीवर उभां आसा म्हणान वाकलां. मी उडणारा बनवलंय. उडताना पाती वर. म्हणजे माझां चुकलांच.”

त्यांचे म्हणणे अचूक होते, आणि अचूक म्हणण्यापुढे माझा नेहमीच नाइलाज होतो. खोटे लिहिणे शक्य नव्हते, खरे लिहिले तर तावड्यांच्या हाती आयतेच कारण पडणार होते.

अंधेरीच्या उडपी उपाहारगृहात बसलो. (इडली मऊ, चटणी पातळ, पंख्याखालचे टेबल मागून घ्यावे.) पाते टेबलाखाली मावेना, म्हणून शेजारच्या टेबलापर्यंत गेले, तिथल्या गृहस्थांनी त्यावर पाय ठेवला आणि मेस्त्रींनी त्यांना तो उचलायला लावला. मी कागदावर दोन बाजू मांडून पाहत होतो. नवी पाती करायची तर लाकूड नाही, आणि दिवस उरले होते नऊ. तारेने पाती वर ओढायची तर मेस्त्री तयार नाहीत. तार दिसली की ते कपडे वाळत घालायच्या दोरीसारखे दिसेल, असे त्यांचे मत.

सुमन इडली संपवून म्हणाली, “अहो, मग उडवताच कशाला त्याला? उतरवा की खाली.”

आम्ही दोघेही तिच्याकडे पाहू लागलो.

“गावात उतरलंय. मागचं दार उघडलंय. पोती बाहेर काढतायत. आणि दारात गणपती. टांगायचा तरी त्रास नाही.”

मेस्त्रींनी समोरची इडली जवळ ओढली आणि दिवसभरात प्रथमच खाऊ लागले. दोन घास झाल्यावर म्हणाले, “चाकां लागतली. सहा. पाच-पाच इंचाची.” मी आकडा ताडून पाहिला. खरे यंत्र आमच्या सांगाड्याच्या साधारण नऊपट, म्हणून सुमनच्या कोपरावरून काढलेले माप नऊने भागले असता तेवढेच येत होते. पुढची दोन थोडी लहान हवीत, एवढी दुरुस्ती मी सुचवली. “ता माका दिसलां,” ते म्हणाले.

संध्याकाळी सभेत अहवाल वाचला. त्यात तीन गोष्टी होत्या: जमिनीवरील हेलिकॉप्टरची पाती झुकणे हे योग्य आहे, चाके वगळण्याची चिटणिसांची सूचना चुकीची होती, हेलिकॉप्टर उतरवावे. तावडे म्हणाले, “पण आपण बॅनरवर ‘आकाशातून मदत’ लिहिलंय.”

“आकाशातूनच आली आहे,” मी म्हणालो. “आता पोचली.”

“आणि लोक म्हणतील, पाती वाकली, तर?”

“त्यांना मी समजावून सांगेन.”

हे वाक्य मला महाग पडले. उत्सवाचे पहिले चार दिवस मी संध्याकाळी सहा ते दहा मंडपात उभा राहून लवचीकपणा, स्ववजन आणि भ्रमणगती यांवर बोललो. लोक ऐकून घेत आणि प्रसाद कुठे मिळतो ते विचारीत. पाचव्या दिवशी घसा बसला आणि मी खुर्चीवर बसून राहिलो. हेलिकॉप्टर सहा चाकांवर उभे होते, मागचे दार उघडे, उतारावर मूषक, आणि वर रंगवलेली पाटी: ‘कलाकार: बाबली मेस्त्री’.

भांडुपहून आलेल्या एका मोठ्या कुटुंबातल्या आजोबांनी पात्यांकडे बोट केले. तावडे पुढे झाले. “मुद्दाम केलंय, आजोबा. खरी पाती अशीच असतात. आम्ही स्वतः जाऊन मापं घेतली. मी मेस्त्रींना आधीच बजावलं होतं, वाकली पाहिजेत म्हणून.”

या विधानात किमान दोन चुका होत्या. मी उठू लागलो. मेस्त्री मागे उभे होते. त्यांनी माझा सदरा धरून मला खाली बसवले.

“ऱ्हवांदे, अण्णा,” ते म्हणाले. “बरा सांगतत. आजोबांका पटला बघा.”

आजोबा खरोखरच मान डोलवीत होते. मी बसून राहिलो. त्या रात्री घरी जाऊन सुमनला हे सांगितले तेव्हा तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.