कोपरा बघणारा वेंडेल

माझा भाऊ वेंडेल हाउक एकोणीस वर्षं आमच्या गावच्या थिएटरात सिनेमे दाखवत होता, आणि त्यातला एकही त्याने धड पाहिला नव्हता. खोटं वाटेल तुम्हाला. पण मी त्याची थोरली बहीण, शिवाय तिकीटखिडकीत बसणारी. मला नाही कळणार तर कुणाला?

सिनेमा असतो रिळांवर. एक रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक बारीक ठिपका चमकून जातो. तो दिसला की शेजारचं दुसरं यंत्र सुरू करायचं, आणि लगेच दुसरा ठिपका आला की पडदा त्या यंत्राच्या हवाली करायचा. चुकलं तर पडदा पांढराफटक आणि लोकांचे पाय आपटणं सुरू. वेंडेलचं कधी चुकलं नाही. हिरो मरो की हिरॉइन नाचो, गडी आपला कोपऱ्याला डोळे लावून बसलेला.

दुसरं महायुद्ध संपलं त्या शरदात त्याला इंडियानापोलिस शहरातल्या मोठ्या थिएटरातून नोकरीचं बोलावणं आलं. जेवताना म्हणाला, "मक्याची कापणी झाली की निघू." त्याची बायको लुएला "बरं" म्हणाली आणि बटाट्यांचं भांडं पुढे सरकवलं. मग भांडी घासताना माझ्याजवळ रडली.

"नेटी, इथून उठवलं तर मी जगायची नाही गं. आई इथल्या मातीत आहे, पोरींच्या शाळा इथे, चर्चमधलं माझं गाणं इथे."

"मग हे त्याला सांग ना! मला काय सांगतेस?"

"त्याला एवढी मोठी यंत्रं मिळतायत. मी कशी आडवी येऊ?"

आमची लुएला म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणारी.

आणि नेमका त्याच आठवड्यात एक गाण्यांचा सिनेमा आला. छोटं गाव, घरात चार बहिणी, दिवाणखान्यात पियानो, शेजारचा लाजरा मुलगा. बापाला शहरात नोकरी लागते आणि सगळं घर सामान बांधायला लागतं. शेवटी बाप ते बघतो आणि म्हणतो, कुठे जायचं नाही. पहिल्याच खेळाला ओटिस बेकरीवाला ओरडला, "अरे, हे तर आपल्या वेंडेलचंच घर!" बापाच्या त्या प्रसंगाला सगळं थिएटर मान वळवून वरच्या यंत्रखोलीच्या खिडकीकडे बघत होतं.

लुएलाचा चेहरा तर उजळलाच. मला म्हणाली, "आता मला बोलायलाच नको. बघेल आणि समजेल."

चार दिवस वाट बघितली बिचारीने. शुक्रवारी न राहवून विचारलं, "कसा वाटला रे सिनेमा?"

वेंडेल म्हणाला, "चौथ्या रिळात एक जोड कच्चा होता. नीट चिकटवला."

लुएला उठून परसात गेली. माझं मात्र डोकं सणकलं. "उद्या दुपारच्या खेळाला तू खाली बायकोशेजारी बसायचं," मी म्हटलं. "यंत्रं मी चालवते. तू न्यूमोनियाने पडलास तेव्हा कुणी चालवली होती?"

"ठिपका चुकवशील."

"शेंबूड पुसलाय मी तुझा. मला शिकवू नकोस."

शनिवारी तो बसला खाली, हातात टोपी, घरातून हाकलून दिल्यासारखा. पहिली सगळी रिळं मी चोख बदलली. मग तो प्रसंग आला. धाकटी पोर अंगणातल्या झाडाला मिठी मारून रडते, बाप दारात येऊन उभा राहतो. मीही मेली रडत बसले! पोरीकडे बघत राहिले, आणि कोपऱ्यात ठिपका कधी येऊन गेला ते कळलंच नाही. बापाने बोलायला तोंड उघडलं आणि पडदा पांढरा झाला.

त्या उजेडात खालचे सगळे चेहरे मला लख्ख दिसत होते. वेंडेल ताडकन उठला. लुएलाने त्याची बाही धरली.

"मला जायचं नाहीये, वेंडेल."

अख्ख्या थिएटरने ऐकलं. माझा हात यंत्रावर होता, तो मी काढून घेतला.

"मग बोलली का नाहीस?"

"वाटलं, सिनेमा बघून कळेल तुला."

"अगं, मी सिनेमा कुठे बघतो? मी कोपरा बघतो!"

कुणी हसलं नाही, ओटिससुद्धा. वेंडेल तिच्याकडे बघत राहिला. रडून सुजलेले डोळे, कानशिलावरचे पांढरे केस, सगळं पहिल्यांदाच दिसत असावं त्याला.

"एकोणीस वर्षं," तो हळूच म्हणाला. "आणखी काय काय बघायचं राहिलंय गं माझं?"

"पुष्कळ," लुएला म्हणाली. "बस इथे."

"राहू मग इथेच," म्हणाला, आणि तिचा हात धरून बसला. एवढा बाप्या माणूस, सगळ्या गावादेखत रडला. पाय कुणीच आपटले नाहीत.