गंगारामबुवांसाठी दुसरा मदरबोर्ड

तारकर्लीचा खारा वारा ना लोखंडाला सोडतो ना तांब्याला. किशोरीच्या रेकॉर्डिंगच्या खोलीतला मदरबोर्ड, म्हणजे कॉम्प्युटरचे सगळे भाग ज्यावर बसतात ती पाटी, त्यानेच खाल्ला. लग्नाच्या व्हिडिओंवर आणि भजनांच्या रेकॉर्डिंगवर तिचं आणि आईचं, सावित्रीबाईंचं, घर चालायचं. पण तेव्हा तिला धंद्याची फिकीर नव्हती. शेजारचे भजनीबुवा गंगाराम सोमवारी गळ्याच्या ऑपरेशनला मुंबईला निघणार होते, आणि आवाज राहील याची हमी डॉक्टरांनी दिली नव्हती. किशोरीला सूर धरायला बुवांनीच शिकवलेलं. मोबाईलवर त्यांची भजनं होती, पण पखवाजाखाली आवाज पार बुडालेला. सोमवारच्या आत तो नीट रेकॉर्ड करून ठेवायचा होता.

नेमका तेव्हाच मुंबईचा भाऊ सुशांत सुट्टीवर येत होता. फोनवर बोर्ड गेल्याचं कळताच त्याने काही न विचारता नवा घेऊनच गाडी पकडली. चाकरमानी रिकाम्या हाताने घरी येईल तर शपथ. बोर्ड देखणा होता, कडेने रंगीत दिवे लुकलुकणारा. आमच्याकडे घरात नवं यंत्र आलं की आधी हळदकुंकू, मग बाकीचं. सावित्रीबाईंनी भक्तिभावाने चिमूटभर कुंकू वाहिलं, ते थेट बोर्डाच्या खाचेत जाऊन बसलं.

मग किशोरीने बोर्ड हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला. एवढ्याशा त्या पाटीवर कार्ड लावायला एकच स्लॉट. तो ग्राफिक्स कार्डाने अडणार, कारण त्याशिवाय तिच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर काही दिसायचंच नाही. मग बुवांचे, पेटीचे, पखवाजाचे माइक जोडायचं साउंड कार्ड बसवायचं कुठे, आईच्या डोक्यावर? परत करावा, तर कुंकू माखलेला बोर्ड कुठला दुकानदार घेईल?

"बरो आसा," असं म्हणून ती हसली. मुंबईहून आणलेल्या वस्तूला नावं ठेवायची नाहीत, ही आमची रीत. या रीतीपायी किती न आवडलेल्या साड्या पेटीत कुजल्या असतील, देव जाणे. संध्याकाळी शेजारच्या पडवीतून बुवांचा खोकला ऐकू आला, तेव्हा मात्र तिला राहवलं नाही.

"सुशांत, रागाव नको रे. हेच्यात बुवांचो माइक लागाचो नाय."

सुशांतचा चेहरा उतरला.

"मियां आधी इचारूक होया होता, ताय," तो म्हणाला. "उद्या फाटफटी, उजाडताच, कसालाक जावया. कार्डां वांगडा घे."

कसालच्या दुकानात त्यांनी सोबत नेलेली कार्डं बोर्डांवर लावूनच पाहिली. एकावर दोन स्लॉट होते, पण इतके खेटून की जाडजूड ग्राफिक्स कार्ड शेजारच्या स्लॉटवर पसरून बसलं. दुसरा निघाला काळा, बोजड, दिवा म्हणून एक नाही. पण तीन स्लॉट, तेही ऐसपैस, आणि बिघडला तर इथल्या इथे बदलून देण्याची गॅरंटी.

"ह्योच," किशोरी म्हणाली.

"आणि तो दिव्यांचो मियां न्हेतंय," सुशांत म्हणाला. "आयेचा कुंकू लागलाहा, बिघडाचो नाय." किशोरीला भावाचा असा अभिमान याआधी कधी वाटला नव्हता.

रविवारी बुवा पोटभर गायले. आवाज थोडा चिरकला, पण पखवाजावर लख्ख उठून आला. उठताना ते माइकसमोरच हात जोडून उभे राहिले. देवळात गावाचं गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला मागणं, तेच घालायचे, तसंच त्यांनी इथे घातलं: "बा देवा म्हाराजा, ह्या भावाबहिणीन माझो आवाज राखून ठेवलो, तेंका सुखी ठेव रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा," ऐकणाऱ्यांनी द्यायचा होकार पखवाजवाल्यांनी दिला. किशोरीच्या तोंडून शब्दच फुटला नाही.

बुवा वाचले. आवाज मात्र गेला. परत आल्यावर ते आधी किशोरीच्या खोलीत आले आणि खुणेनेच म्हणाले, लाव. त्यांनी सगळी भजनं मांडीवर ताल धरत ऐकली. शेवटी गाऱ्हाणं लागलं. आपल्याच आवाजापुढे बुवांनी हात जोडले, होकार द्यायला ओठ हलले, पण आवाज आला नाही.

या वेळी किशोरी त्यांच्या शेजारी उभी राहिली आणि शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने त्यांच्या वतीने म्हणाली, "व्हय म्हाराजा."